गाभाऱ्याच्या पायऱ्या आणि गुडघ्याची वाटी: एका दुखण्याचा इतिहास

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली थोडी पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसंच्या तसं.)

आपण इथे किल्ले, ताम्रपट, रेल्वे, गिरण्या अशा विषयांवर बोलतो. आज मी तुम्हाला गुडघ्याचा इतिहास सांगणार आहे. हसू नका. आपल्यापैकी निम्म्या लोकांच्या घरात हा विषय रोज संध्याकाळी निघतो, बामच्या वासासकट.

माझ्या घरात तो निघाला अंबरनाथच्या शिवमंदिरावरून. आम्ही सोनिवलीचे. बदलापूर स्टेशनवर उतरायचं आणि पश्चिमेला रिक्षा करायची. माझ्या लहानपणी इथे भाताची खाचरं होती, आता इमारतींची रांग आहे. आई दर वर्षी अंबरनाथला दर्शनाला जायची. मंदिरावरचा शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा, शिलाहारांच्या काळातला. त्यावर आपण कधीतरी वेगळा भाग करू. आज मला तुमचं लक्ष फक्त एका गोष्टीकडे वेधायचंय. तिथलं गर्भगृह सभामंडपाच्या पातळीवर नाही, ते खाली आहे. पिंडीपर्यंत पोचायला वीसेक पायऱ्या उतराव्या लागतात.

तीन वर्षांपूर्वी आई त्या पायऱ्यांच्या तोंडाशी थांबली. आत डोकावली, वरूनच हात जोडले आणि म्हणाली, "तू जाऊन ये. मी इथूनच बघते." परत येताना रिक्षात एक शब्द बोलली नाही.

मग डॉक्टर, एक्स-रे, सगळं झालं. नाव नाही घेत, पण डॉक्टर फोटो दिव्यासमोर धरून दोनच शब्द बोलले: "झीज आहे. जपा." आईने ते अक्षरशः पाळलं. जिना बंद, बाजार बंद, संध्याकाळचं देवळापर्यंतचं चालणं बंद. सहा महिन्यांत तिला खुर्चीतून उठायलाही हाताचा टेकू लागायला लागला. दुखणं कमी झालं म्हणाल, तर तेही नाही.

मी इतिहासवाला माणूस. मला प्रश्न पडला की हे "जपा" आलं कुठून?

विश्रांतीचं राज्य

सांधेदुखी जुनीच आहे. चरकसंहितेत वातव्याधींच्या प्रकरणात सांध्यात शिरलेल्या वाताचं वर्णन येतं. हात लावला तर हवा भरलेल्या कातडी पिशवीसारखा लागणारा, आखडताना आणि पसरताना दुखणारा सांधा. ज्याने कुणी हे लिहिलं, त्याने रोग्याचा गुडघा हातात धरून पाहिला होता, एवढं नक्की.

पण "हलवू नका" या सल्ल्याला आधुनिक वैद्यकात जे वजन आलं, ते एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधून. लंडनचे शल्यचिकित्सक जॉन हिल्टन यांची विश्रांती आणि वेदना या विषयावरची व्याख्यानं १८६३ साली पुस्तकरूपाने आली आणि पुढच्या कित्येक पिढ्यांनी वाचली. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस, ज्यांच्या नावाची लोखंडी 'थॉमस स्प्लिंट' आजही हॉस्पिटलात दिसते, तेही सक्तीच्या आणि दीर्घ विश्रांतीचे पुरस्कर्ते. यात त्यांची चूक काढण्यासारखं फार नाही. त्या काळात सांध्याचा क्षयरोग आणि पू होणं हे मोठे शत्रू होते, आणि औषधं नव्हती. अशा सांध्याला गप्प ठेवणं शहाणपणाचंच होतं. अडचण अशी झाली की एका आजारासाठीचा सल्ला सगळ्याच दुखऱ्या सांध्यांना चिकटला.

आपल्या आजाराला 'ऑस्टिओआर्थ्रायटिस' हे नाव रुळलं तेही त्याच शतकाच्या शेवटी, इंग्लंडमधल्या बाथ गावच्या जॉन केंट स्पेंडर यांच्या लिखाणातून. आणि आमवाताहून, म्हणजे र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिसहून, हा आजार वेगळा असं १९०७ मध्ये आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी नीट मांडलं. मग १९५७ साली केलग्रेन आणि लॉरेन्स या जोडीने एक्स-रेवरून शून्य ते चार अशा पायऱ्या ठरवल्या. आज तुमच्या रिपोर्टवर 'ग्रेड थ्री' लिहिलेलं असतं ना, ते त्यांचं देणं.

इथे एक गंमत आहे, आणि ती आईच्या कामाची होती. एक्स-रे हाड दाखवतो, दुखणं दाखवत नाही. फोटो खराब आणि माणूस डोंगर चढतोय, किंवा फोटो बरा आणि माणूस कळवळतोय, हे दोन्ही सर्रास दिसतं. पण 'झीज' हा शब्दच असा आहे की ऐकल्याबरोबर डोळ्यांसमोर पायताणाचा तळ येतो. जेवढं चालाल तेवढं झिजेल. वंगण संपलं, वाटी घासली, आता जपून वापरा. गुडघा काही पायताण नाही. तो जिवंत आहे. हाडाच्या टोकावरचं जे गुळगुळीत आवरण असतं, ज्याला पुस्तकात कूर्चा म्हणतात, त्यात रक्तवाहिन्या नसतात. सांध्यावर दाब पडतो, सुटतो, पुन्हा पडतो, तेव्हा आतल्या द्रवातून त्याला पोषण मिळतं. म्हणजे पूर्ण बसवून ठेवलेला सांधा उपाशी राहतो.

वजन उचलणारा डॉक्टर

विश्रांतीच्या राज्याला पहिला मोठा धक्का दुसऱ्या महायुद्धाने दिला. अमेरिकेत शिकागोच्या लष्करी हॉस्पिटलात गुडघ्याच्या दुखापतींचे सैनिक महिनोन्‌महिने पडून होते. तिथल्या थॉमस डिलोर्म या तरुण डॉक्टरला स्वतःला वजनं उचलायचा नाद होता. त्याने या सैनिकांच्या पायाला वजन बांधून ते हळूहळू वाढवत न्यायला सुरुवात केली आणि १९४५ साली त्यावर शोधनिबंध लिहिला. थोडं वजन, मग थोडं अधिक, मग अजून थोडं. आज जिममधला पोरगा 'सेट' आणि 'रेप्स' बोलतो, त्याचं एक मूळ दुखऱ्या गुडघ्यांच्या वॉर्डात आहे, हे त्याला सांगा.

पण सोनिवलीपासून शिकागो फार लांब. आपल्याकडे व्यायामाने उपचार करणारी माणसं कधी आली?

पोलिओने दिलेली देणगी

ती आली मुंबईत, आणि आली लहान मुलांसाठी. फातिमा इस्माईल या बाईंच्या मुलीला पोलिओ झाला. त्यांनी तिच्यावर मद्रासला उपचार करून घेतले, स्वतः ते शिकून घेतलं आणि १९४७ मध्ये मुंबईत पोलिओच्या मुलांसाठी दवाखाना काढला. पुढे १९५८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच सुमारास, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, पोलिओच्या साथीनंतर परळच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली. देशातली ही पहिली. १९५५ मध्ये हाजी अलीला पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली, आणि त्याच वर्षी फिजिओथेरपिस्टांची देशव्यापी संघटनाही.

म्हणजे बघा, ज्या विद्येने पुढे आपल्या आज्यांचे गुडघे सांभाळले, ती इथे रुजली लुळ्या पडलेल्या पोरांच्या पायांमध्ये ताकद परत आणण्यासाठी. पोलिओ गेला, विद्या राहिली. लोकलचं एक टोक परळ-दादरला आणि दुसरं कर्जतला, पण ती विद्या बदलापूरच्या पुढच्या गावांपर्यंत यायला बरीच वर्षं गेली. माझ्या आजीने तर 'फिजिओ' हा शब्दही ऐकला नव्हता. तिचा उपचार म्हणजे निर्गुडीचा पाला गरम करून बांधणं.

भिगवणचं दार

आणि गावातल्या बायांचे गुडघे दुखतात हे कुणी मोजलं तरी होतं का? मोजलं, आणि महाराष्ट्रातच. पुणे जिल्ह्यातलं भिगवण. फ्लेमिंगो बघायला आपण जातो ते. १९९६ मध्ये पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या गटाने तिथे पाहणी सुरू केली. गावातलेच कार्यकर्ते दारोदार फिरले आणि विचारलं, दुखतं का, कुठे दुखतं, कामाला अडतं का. चार हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी झाली. सुमारे १८ टक्के लोकांना हाडासांध्याचं किंवा स्नायूंचं दुखणं निघालं. ऑस्टिओआर्थ्रायटिस सहा टक्क्यांच्या जवळपास, तर ज्याची भीती जास्त त्या र्‍हुमॅटॉइडचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास.

मला या पाहणीचं महत्त्व आकड्यांपेक्षा वेगळ्याच कारणासाठी वाटतं. तोवर असा समज होता की शेतात राबणारी माणसं काटक असतात, गुडघे हे शहरी बसून खाणाऱ्यांचं दुखणं. भात लावताना दिवसभर चिखलात वाकणं, उकिडवं बसून भांडी, डोक्यावर हंडा, हे ज्याने केलं नाही त्यालाच असं वाटू शकतं. माझी आई लग्न होऊन आली ती थेट लावणीलाच. तिचं दुखणं कुणाच्या कागदावर यायला भिगवणसारखं कुणीतरी दार वाजवायला हवं होतं.

चिकटपट्टीची गोष्ट

आता येऊ त्या गोष्टीकडे, जिने आमच्या घरातलं चित्र बदलायला सुरुवात केली. सहा महिन्यांनी मी आईला एका फिजिओताईंकडे नेलं. त्यांनी आधी एक्स-रे बाजूला ठेवला. "मावशी, खुर्चीतून हात न लावता उठून दाखवा." नाही जमलं. मग त्यांनी कातडीवर आधी एक मऊ पट्टी लावली, त्यावर एक कडक, न ताणणारी पट्टी. गुडघ्याची वाटी अंगठ्याने हलकेच आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या गुडघ्याकडे, सरकवून धरली आणि पट्टी ओढून चिकटवली. "आता उठा." आई उठली. डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिलं. "काय जादू केली गं पोरी?"

जादू नव्हती, आणि ताईंनी ते लगेच सांगितलं. पण या पट्टीलाही इतिहास आहे. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीच्या फिजिओथेरपिस्ट जेनी मॅकॉनेल यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यावर ही पद्धत मांडली. त्यांचे रुग्ण मुख्यतः तरुण होते, ज्यांना वाटीच्या पुढे दुखायचं. कल्पना अशी की वाटी आपल्या खाचेतून बाहेरच्या बाजूला घसरते, तिला पट्टीने जागेवर ओढायचं आणि तेवढ्यात मांडीचा पुढचा स्नायू बळकट करायचा.

१९९४ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या गटाने हीच पट्टी वयस्कर, झिजलेल्या गुडघ्यांवर लावून पाहिली. रुग्ण अवघे १४. कधी वाटी आत ओढून, कधी बाहेर, कधी नुसतीच पट्टी. आत ओढली तेव्हा दुखणं सुमारे २५ टक्क्यांनी कमी झालं. मग २००३ साली मेलबर्नच्या राना हिनमन आणि सहकाऱ्यांनी ८७ जणांचे तीन गट केले. एकाला खरी पट्टी, दुसऱ्याला ओढ न देता लावलेली दिखाऊ पट्टी, तिसऱ्याला काहीच नाही. तीन आठवड्यांनी खऱ्या पट्टीवाल्यांपैकी ७३ टक्के म्हणाले बरं वाटतंय. काहीच न लावलेल्यांत हा आकडा १० टक्के होता. पट्टी काढल्यावरही पुढचे तीन आठवडे फायदा टिकला.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. त्याच प्रयोगात दिखाऊ पट्टी लावलेल्यांपैकीही ४९ टक्के म्हणाले बरं वाटतंय! म्हणजे कातडीवर काहीतरी घट्ट चिकटलंय, कुणीतरी मायेने हात लावलाय, याचाही वाटा मोठा. वर, पुढे स्कॅन काढून पाहिलं तेव्हा काही अभ्यासांत वाटी मुळी सरकलेलीच दिसली नाही. दुखणं कमी होतं, पण मूळ कारण म्हणून जे सांगितलं होतं ते डळमळीत निघालं. इतिहासात असं पुष्कळदा होतं. उपाय टिकतो, त्याची कहाणी बदलते.

खेळाडूंच्या खांद्यावर दिसणाऱ्या रंगीत, ताणणाऱ्या पट्ट्या वेगळ्या. त्या जपानच्या केन्झो कासे यांनी १९७० च्या दशकात आणल्या आणि २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकनंतर घरोघरी माहीत झाल्या. अमेरिकेच्या संधिवाततज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेत गुडघ्यासाठी अशा पट्टीची शिफारस आहे, पण सशर्त, सौम्य शब्दांत. ठाम शब्दांत शिफारस कशाची आहे? व्यायामाची. आणि वजन जास्त असेल तर ते उतरवण्याची.

पट्टी आणि मांडी

या व्यायामाच्या बाजूला पुरावा भरभक्कम आहे. १९९७ मध्ये अमेरिकेत साठीच्या पुढच्या ४३९ जणांवर दीड वर्ष प्रयोग झाला. काही जण चालले, काहींनी वजनं उचलली, काहींना फक्त माहिती दिली. चालणारे आणि उचलणारे, दोघांचंही दुखणं आणि अडणं माहितीवाल्यांपेक्षा कमी झालं. त्यांचे गुडघे व्यायामाने बिघडले नाहीत. २०१३ पासून डेन्मार्कमध्ये तर गुडघ्यासाठी व्यायामाचे वर्गच चालतात. आधी आजार समजावून सांगायचा, मग बारा वेळा देखरेखीखाली व्यायाम.

मग पट्टी कशाला? आमच्या ताईंनी फार सोप्या शब्दांत सांगितलं. "मावशी, दुखतं म्हणून तुम्ही हलत नाही. हलत नाही म्हणून मांडी वाळते. मांडी वाळली की सगळा भार गुडघ्यावर. आणि मग अजून दुखतं. हे चक्र कुठेतरी थांबवायला पट्टी आहे. पट्टी लावलीय तेवढ्या दिवसांत व्यायाम करून घ्यायचा. पट्टी लावून टीव्ही बघत बसलात, तर पैसे वाया."

व्यायाम काय होते? पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती पाच आकडे मोजेपर्यंत खाली दाबायची. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, खुर्चीतून उठा आणि बसा. आधी खुर्चीवर दोन उशा, मग एक, मग नुसती खुर्ची. डिलोर्मचीच युक्ती, फक्त वजनाच्या जागी उशा. करताना थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त दुखलं तर आदल्या दिवशी जास्त झालं, कमी करायचं. तिसऱ्या आठवड्यात पट्टीखाली खाज आली, तेव्हा ताईंनी ती काढून टाकली. नाजूक कातडी असेल, पट्टीची ॲलर्जी असेल, तर आग्रह नको. आणि गुडघा लाल, गरम, टम्म सुजला, ताप आला, तर पट्टीबिट्टी काही नाही, सरळ डॉक्टर.

तुम्ही म्हणाल, त्यापेक्षा वाटी बदलून टाकावी. गरज असलेल्यांसाठी तो उत्तमच उपाय आहे, आणि २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातल्यावर त्यातला एक मोठा खर्च आवाक्यात आला. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची किंमत दीड लाखाच्या वरून ५४,७२० रुपयांवर आली, कर वेगळा. पण त्या आधीचा रस्ता बऱ्याच जणांना कुणी दाखवतच नाही, ही माझी तक्रार आहे. आईला "जपा" सांगितलं, "कसं जपा" हे सांगितलं नाही.

पुन्हा गाभारा

बर्लिनच्या संशोधकांनी कृत्रिम गुडघ्यातच मोजणी यंत्र बसवून एक गोष्ट शोधली. ती २०१० साली छापून आली. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच पटीहून थोडा जास्त भार येतो, जिना चढताना तीन पटींहून जास्त, आणि उतरताना साडेतीन पटींच्या आसपास. म्हणजे आई गाभाऱ्याच्या तोंडाशी थांबली होती ती उगाच नाही. देवाकडे जायची वाटच उताराची होती.

आठ महिन्यांनी, गर्दीचा दिवस टाळून, एका साध्या मंगळवारी आम्ही अंबरनाथला गेलो. पट्टी नव्हती. ताईंनी जिन्याचा नियम शिकवला होता: चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. आईने त्याचं स्वतःचं भाषांतर केलं होतं. "वर जाताना शहाणा पुढं, खाली जाताना रडका पुढं." एक हात भिंतीला, एक माझ्या खांद्यावर. रडका पुढं, शहाणा मागून. मध्ये एकदा थांबली. पायऱ्या ओलसर होत्या, मलाच भीती वाटत होती.

खाली पोचल्यावर ती पिंडीपाशी बराच वेळ उभी राहिली. बसली नाही, मांडी घालून बसणं तिला अजून जमत नाही आणि बहुतेक जमणारही नाही. दुखणं आहेच. पावसाळ्यात जास्त असतं. ग्रेड थ्री अजूनही ग्रेड थ्रीच आहे.

वर येताना मी म्हटलं, "आई, बस जरा." ती म्हणाली, "बसले होते की सहा महिने. काय झालं त्यानं?"

तर मंडळी, घरात कुणी "झीज आहे, जपा" हे ऐकून खुर्चीत रुतलं असेल, तर त्यांना हा भाग ऐकवा. आणि मग जवळच्या एखाद्या चांगल्या फिजिओकडे घेऊन जा. पट्टी लावायचीच असेल तर पहिल्यांदा त्यांच्याकडून शिकून घ्या. पुढच्या भागात ठरल्याप्रमाणे कल्याणचं बंदर. तोवर दोन उशा ठेवा खुर्चीवर, आणि उठा-बसा. भेटूच.